कडीवरचा आकडा

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला त्यानंतरची ती वर्षं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कॉलेजातली नोकरी मी मुदतीआधीच सोडली होती आणि कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी जर्मनच्या शिकवण्या घेत होते. दिवसभर ह्यांचं खाणंपिणं, कूस बदलणं, व्यायाम घ्यायला येणाऱ्या माणसाची वाट बघणं. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत नामांची लिंगं आणि क्रियापदांचे काळ. आतून ह्यांनी हाक मारली, म्हणजे घशातून आवाज काढला, की मुलांना एखादा स्वाध्याय देऊन उठायचं. अंगातला शीण झोपेनं जात नसे. सकाळी मी उठायचे तेव्हा तो माझ्या आधी उठून बसलेला असे.

जर्मन शिकवणाऱ्या बाईकडे लोक काय काय घेऊन येतात ते सांगून पटायचं नाही. परदेशी मशिनची माहितीपत्रकं, औषधाच्या खोक्यातली चिठोरी, सुनेच्या व्हिसाचे कागद. आणि हिटलरबद्दल कौतुकानं बोलणारे गृहस्थ तर हमखास. त्यांना मी पाणी विचारत असे, चहा नाही.

म्हणून शिकवणीतल्या एका मुलीचे वडील एका दुपारी लाल कापडाची घडी घेऊन आले तेव्हा मला काही उत्साह वाटला नाही. खडकवासल्याच्या रस्त्याला त्यांचं गाव. गाव कधीच शहरात मिसळून गेलं होतं, शेतीचे प्लॉट पडले होते आणि हे गृहस्थ वाळू-विटा पुरवण्याचा धंदा करत होते. त्यांनी घडी उलगडली. आत एक क्रॉस होता, तळहाताच्या मधोमध मावेल एवढा. काळं लोखंड, भोवती चांदीची दाणेदार कड, मधे ते चिन्ह आणि खाली १९३९ हे साल. वरच्या कडीत लाल-पांढऱ्या-काळ्या फितीचा विटलेला तुकडा अडकला होता. सगळ्या खाचांमधून कुंकू भरलेलं होतं.

मी कुंकवाकडे बघत राहिले. ते ओशाळून म्हणाले की आईचं काम ते. मधे स्वस्तिक आहे म्हणून ती दर दसऱ्याला क्रॉस पूजेत मांडायची, आणि दिवाळी आली की देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासायची. आई गेली, आता बायको करते.

त्यांचे वडील, घरातले आणि गावातलेही आबा, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते. क्रॉस तिथला. कडीवर दोन आकडी नंबर होता. आबांचं म्हणणं, तो त्या जर्मन शिपायाचा नंबर. शिपायाला नंबर असतो, नंबरावरून माणूस सापडतो, माणसावरून घर सापडतं. क्रॉस त्या घरी पोचवायचा.

"मी भाषा शिकवते. लढाई शिकवत नाही," मी म्हणाले.

"बरोबर आहे, मॅडम. पण आबांचं वय झालंय आता. त्यांनी हल्ली दुसरा विषयच सोडलाय. आम्ही कुणाला विचारणार?"

नाही म्हणायलाही जरा ताकद लागते. त्या दुपारी ती माझ्याकडे नव्हती. मी क्रॉस ठेवून घेतला.

विचारायला एकच माणूस मला माहीत होता. कॅम्पात एक दातांचे डॉक्टर होते. ह्यांची कवळी त्यांनीच केली होती. त्यांना युद्धातली पदकं जमवायचा नाद होता. जुन्या बाजारात, निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या घरी, कुठे कुठे फिरून त्यांनी ती गोळा केली होती आणि पेशंट नसले की हत्यारं ठेवायच्या पांढऱ्या कपाटाचे खालचे कप्पे उघडून बसत. ह्यांना सांभाळणारी बाई आली त्या दिवशी मी बस पकडून त्यांच्याकडे गेले.

त्यांनी आधी एक लोहचुंबक जवळ नेलं. क्रॉस टपकन चिकटला. मग दात बघायचं भिंग डोळ्याला लावून त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"क्रॉस खरा आहे," ते म्हणाले. "पण याला हळदकुंकू? हे पुण्यातच होऊ शकतं."

मी नंबराचं विचारलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि सांगितलं की तो शिपायाचा नंबर नव्हेच. अशा क्रॉसवर माणसाचं नाव नसतं, नंबरही नसतो. कडीवर असतो तो बनवणाऱ्याचा. सरकारनं पदकं करायचं काम अनेक कारखान्यांना वाटून दिलं होतं आणि प्रत्येकाला एक नंबर ठरवून दिला होता. माल वाईट निघाला तर कान कुणाचा धरायचा ते कळावं म्हणून. एका नंबराचे हजारो क्रॉस निघाले असतील.

"म्हणजे हा कुणाचा, ते कधीच कळणार नाही?"

"कुणाचा ते नाही कळणार. कुणी बनवला ते कदाचित कळेल. तेही कदाचित, कारण त्या गृहस्थांच्या मातोश्रींनी चिंच लावून नंबराचा दुसरा आकडा पार घासून टाकलाय. तीन आहे की आठ, सांगता येत नाही."

एवढं कळल्यावर माझं काम संपायला हवं होतं. फोन करून आबांच्या मुलाला, माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांना, सांगितलं तर तो म्हणाला की मॅडम, हे आबांना तुम्हीच सांगा, माझ्यावर ते विश्वास ठेवायचे नाहीत. रविवारी तो गाडी घेऊन मला न्यायला आला. मी गाडीत मागे डोळे मिटून बसले होते. बाहेर काय दिसलं ते आठवत नाही.

घर नवं होतं, दोन मजली, संगमरवरी फरशीचं. आबा मात्र बाहेर पडवीत खाटेवर बसलेले. उंच, वाळलेले, ताठ. मी आले म्हणून उठून उभे राहिले आणि मी बसेपर्यंत बसले नाहीत. मी सगळं सांगितलं. नंबर माणसाचा नाही, कारखान्याचा आहे. माझं संपल्यावर त्यांनी स्वतःचा पलटणीतला नंबर इंग्रजीत म्हणून दाखवला, एकही आकडा न अडखळता.

"माझ्या थाळीवर नंबर व्हता, मगावर व्हता, बुटाच्या तळाला बी व्हता," ते म्हणाले. "मला वाटलं, त्येंच्यात बी तसंच आसंल."

मुलगा त्यांना धीर द्यायला काहीतरी बोलू लागला. आबांनी त्याला चहाचं बघायला आत पाठवलं. तो गेल्यावर मला म्हणाले की बाई, तुम्हाला त्यांची बोली येती ना, मला एक शब्द इचारायचा हाय.

मग त्यांनी जे सांगितलं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात सगळ्यांना वाटायचं की आबांनी जर्मन मारला आणि त्याच्या छातीवरून क्रॉस काढून आणला. गावात शाळेच्या कार्यक्रमाला तसं भाषणही झालं होतं. आबांनी ते कधी खोडलं नाही, कारण खोडलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं.

इटलीत थंडीचे दिवस होते. नदीच्या काठच्या एका दगडी गोठ्यात धरलेले जर्मन ठेवले होते आणि आबा पहाऱ्याला होते. विशीतला पोरगा. धरलेल्यांत एक जण पोटात लागलेला होता, तोही तसाच, मिसरूड फुटलेलं. त्याला न्यायला गाडी यायची होती, पण रस्ता चिखलानं बंद. आबांनी त्याला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. पोटाच्या जखमेला पाणी देऊ नये हे त्यांना नंतर कळलं, पण तो मागत होता. मग त्या पोरानं खिशातून हा क्रॉस काढला, आबांच्या मुठीत घातला आणि मूठ दोन्ही हातांनी धरून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. गाडी आली तोवर तो गेला होता.

"काय म्हणत होता?"

आबांनी डोळे मिटले आणि तो शब्द उच्चारला. "नाखावजं. नाखावजं."

शिकवणीच्या पहिल्या महिन्यातच मी मुलांकडून तो घोकून घेते. 'नाख हाउजे'. घरी, घराकडे. आबांच्या तोंडी तो पन्नास-पंचावन्न वर्षं राहून जरा आपल्यासारखा झाला होता, पण त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

मी त्यांना अर्थ सांगितला. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तो ठाऊकच होता. कसा कळला तेव्हा, मी विचारलं. ते म्हणाले की मरणारं पोर दुसरं काय म्हणणार.

मला त्या माणसाच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरवायचं होतं. मी म्हणाले की आबा, तो स्वतःबद्दल बोलत असेल. मला घरी जायचंय, असं. क्रॉस तुम्हाला पाणी पाजल्याबद्दल दिला असेल. पोचवा म्हणाला असेलच असं नाही.

आबांनी अंगणातल्या विटांच्या ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आसंल. पर म्या मान हालवली व्हती, बाई."

चहा आला. चहा पिताना त्यांनी विचारलं की कारखाना कुठल्या गावचा ते तरी कळेल का. माणूस सापडत नाही तर क्रॉस जिथं घडला त्या गावाला पोचवू. ते बी घरच की त्याचं.

म्हणून पुन्हा कॅम्प. दुसरा आकडा तीन असलेल्यांचा कारखाना एका गावात, आठवाल्यांचा देशाच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हा आकडा ठरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. डॉक्टरांनी मला आत बसवून घेतलं. बाहेर एक दाढदुखीवाला कण्हत होता. त्याला त्यांनी गोळी देऊन थांबवलं.

ते म्हणाले की कडीचं फार मनावर घेऊ नये. कडी कुणीही बदलू शकतं. साचा बघायचा. क्रॉसचा मधला भाग आणि कड दोन्ही साच्यात ठोकून काढतात, आणि प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. त्यांनी कपाटातून आपल्याकडचे क्रॉस काढून कापसावर ओळीनं मांडले. भिंगातून मलाही बघायला लावलं. पहिल्यांदा सगळे सारखेच दिसले. मग हळूहळू दिसू लागलं की सालातल्या नवाचं शेपूट एकाचं आत वळलंय, दुसऱ्याचं सरळ सुटलंय. एकाच्या सालातला एक हा आकडा बुटका. एकाच्या कडेचे दाणे बाजरीसारखे बारीक, दुसऱ्याचे जाड. आमच्या क्रॉसच्या नवाचं शेपूट तीनवाल्यांसारखं वाटत होतं, पण तिथला काळा रंग उडून गंज चढला होता, त्यामुळे डॉक्टरांची खात्री होईना.

त्या दिवशी तसंच परत यावं लागलं. पुढच्या खेपेला पेशंट फार होते. त्याच्या पुढच्या खेपेला मी निघणार तर ह्यांना ताप भरला आणि दोन आठवडे गेले. ह्या काळात मला सारखं वाटायचं की हे सगळं मी का करतेय. माझ्या घरात एक माणूस बोलायचा थांबलाय आणि मी कुठल्या तरी दुसऱ्याच्या शब्दामागे कॅम्पाच्या बसला लटकतेय. ह्यांना मी जेवण भरवताना सगळं सांगत असे. ते ऐकत. एकदा मी, आता सोडून देते, असं म्हणाले तेव्हा त्यांनी डाव्या हातानं, चालत होता त्या हातानं, ताटलीच्या कडेवर दोनदा टकटक केलं. ते 'नाही' होतं. आमची तेवढी भाषा ठरलेली होती.

शेवटी एका शनिवारी डॉक्टरांनी लाकडी दातकोरणी घेतली आणि क्रॉसच्या खालच्या भुजेच्या आतल्या कोपऱ्यातलं कुंकू कोरून काढायला बसले. वर्षानुवर्षांचं कुंकू तेलानं घट्ट होऊन बसलं होतं, खवल्यांसारखं निघत होतं. निघालं तेव्हा खाली कडेचे दोन दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले. त्यांनी लगेच आपल्याकडचा एक क्रॉस उचलून त्याच्या शेजारी धरला. त्याच कोपऱ्यात तसेच दोन दाणे जोडलेले. साच्यातच तेवढी खोट होती, म्हणून त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येकात ती उतरली होती.

"तीन," डॉक्टर म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. ते नुसते थकलेले दिसले. बहुधा मीही.

तीन नंबरवाल्यांचं गाव पश्चिम जर्मनीतल्या डोंगरांत. बटणं, बकलं, चमचे करणाऱ्यांचं गाव. युद्ध सुरू झालं तसे तेच कारखाने पदकं करू लागले. पुरुष आघाडीवर गेलेले, त्यामुळे बाकांवर बायका होत्या आणि दुसऱ्या देशांतून धरून आणलेले लोक होते, एवढं डॉक्टरांनी वाचलेलं. जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. हा क्रॉस छातीवर लावायचा तो मिळाला त्या एकाच दिवशी. नंतर नुसती फीत बटणाच्या काजात अडकवायची. क्रॉस बहुतेक जण घरी पाठवून देत.

मी जिन्यात थांबले. त्या मुलाच्या खिशात क्रॉस होता. म्हणजे तो नुकताच मिळाला असणार आणि घरी पाठवायचा राहून गेला असणार.

हे आबांना सांगावं की नाही याचा मी बसमध्ये आणि नंतरही विचार केला. ओझं उतरवायला मी जे बोलले होते ते बहुधा चूक होतं. शेवटी कारखान्यातल्या माणसांसकट सगळं सांगितलं. ते ऐकून आबांचा चेहरा मी समजत होते तसा पडला नाही. उलट त्यांनी लांब श्वास सोडला.

"मंजे मला बरुबर कळालं व्हतं," ते म्हणाले.

त्या गावात नगरपालिकेचं एक छोटं संग्रहालय होतं. मी त्यांना लिहिलं. आबांनी सांगितलं ते सगळं, पाण्यासकट, जर्मनमध्ये मांडलं. कॉलेज सांभाळून आयुष्यभर मी कंपन्यांसाठी पंप आणि व्हॉल्व यांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं केली. कुणाच्या तरी तोंडचं असं काही पहिल्यांदाच करत होते, आणि तेही ह्यांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून, औषधाच्या वेळा सांभाळत.

उत्तर यायला बरेच आठवडे लागले. पत्र सभ्य होतं. आपल्या भावनांचा आदर वाटतो, परंतु आमच्याकडे याच कारखान्याचे क्रॉस पुष्कळ आहेत. लोक माळे आवरतात आणि आम्हाला आणून देतात, ठेवायला जागा उरलेली नाही. शिवाय त्यावरच्या चिन्हामुळे ते मांडताही येत नाहीत. कृपया तो आपणाकडेच ठेवावा.

मी ते आबांना फोनवर न सांगता जाऊन वाचून दाखवलं. ते म्हणाले की लई झाल्यात म्हणायचं त्येंच्याकडं. मुलगा चिडला, म्हणाला आपण एवढं करतोय आणि त्यांना किंमत नाही. आबांनी त्याला गप्प केलं. सैन्यातून आपल्या गावात परत आलेल्यांचीही पदकं असतील, ती कुणाच्या घरात कुठं पडलीत ते आधी बघ, म्हणाले. मग मला विचारलं की कारखान्यातल्या त्या धरून आणलेल्या लोकांचं पुढं काय झालं. मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

त्या दिवाळीला माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. लग्न होऊन ती जर्मनीत राहत होती, त्या डोंगरांपासून गाडीनं तासा-दोन तासांवर. ह्यांना बघायला आली आणि मी चहा करता करता तिला हे सगळं सांगितलं, कारण त्या दिवसांत मला सांगायला दुसरं काही नव्हतंच. ती म्हणाली, मी नेते. मी म्हणाले, कुठे देणार, तिथे कुणालाच नकोय. ती म्हणाली, देणार नाही, मातीत ठेवीन.

मी तिला घेऊन आबांकडे गेले आणि त्यांना विचारलं. त्यांनी क्रॉस शेवटचा हातात घेतला, फीत सरळ केली आणि तिच्या हातात देताना मूठ दोन्ही हातांनी मिटली. सुनेनं तिची ओटी भरली.

डिसेंबरात तिचा फोन आला. कारखाना राहिला नव्हता. त्या जागी मोठं किराणा दुकान होतं, पुढे गाड्या लावायची जागा, मागून एक ओढा वाहत होता. ओढ्याच्या काठाला झुडपाखाली तिनं बागकामाच्या खुरप्यानं खड्डा खणून क्रॉस पुरला. जमीन गोठलेली, नवऱ्यानं मदत केली. एका म्हाताऱ्या बाईनं पिशव्या घेऊन जाता जाता विचारलं की काय पुरताय. हिनं सांगितलं, एका सैनिकाची वस्तू. ती बाई जरा थांबली, मान हलवली आणि निघून गेली.

तिनं फोटो पाठवला. दुकानाचा फलक, गाड्या, मागे झाडी. ओढा नीट दिसतही नव्हता. मी तो आबांना नेऊन दिला तेव्हा त्यांना दाखवावं लागलं, पाणी इथे आहे, इथे. ते भिंग लावून बघत राहिले.

"पाणी हाय ना जवळ," ते म्हणाले. "मग बेस."

त्यानंतर ते एकदा आमच्याकडे आले, ह्यांना भेटायला. मुलानं त्यांना जिना चढवून आणलं. ते पलंगाशेजारच्या स्टुलावर ताठ बसले. ह्यांना बोलता येत नव्हतं आणि आबांना काही बोलायचं नव्हतं. मी आत भांडी घासत होते. परत आले तर आबा वाटीतलं पाणी चमच्यानं ह्यांना पाजत होते, मान किंचित वर उचलून, एक थेंबही न सांडता. माझ्या हातून रोज उशी भिजायची. मी दारातच थांबले आणि त्यांना ते संपवू दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. तेराव्याला मी गेले होते. मांडव होता, माणसं पुष्कळ. आतल्या खोलीत त्यांच्या फोटोला हार घातलेला आणि त्याच्या शेजारी, चौकटीत बसवून, तो दुकानाचा फोटो. पाहुण्यांपैकी एकीनं सुनेला विचारलं की ही कुठली कंपनी, आबांची जमीन गेली ती का.

"न्हाई वो," सून पानं मांडता मांडता म्हणाली, "आबांच्या दोस्ताचं गाव हाय ते."